क्वात्रो कुणाचं?

बेटाच्या मधोमध, उतुआदोच्या डोंगरात एलादियोच्या तोडीचं क्वात्रो दुसरं कुणी वाजवत नसे. दहा तारांचं ते वाद्य त्याने तरुणपणी लग्नांत, नाताळात गाजवलं. पुढे तो धर्माला लागला, रम सुटली आणि क्वात्रो फक्त चर्चच्या भजनांपुरतं उरलं. पोटासाठी तो टायरची पंक्चर काढायचा.

यामारीस त्याची धर्मकन्या. बाप्तिस्म्याला त्यानेच तिला हातांवर धरलं होतं; ती त्याला पाद्रिनो, म्हणजे धर्मपिता, म्हणायची. पोरगी रेगेटोनची नाचगाणी गायला लागली आणि पहिल्याच अल्बमने बेटभर गाजली. दुसऱ्या अल्बमच्या वेळी ती त्याच्या दुकानात येऊन टायरवरच बसली.

"पाद्रिनो, या खेपेला नुसती धडधड नकोय मला. जुनी बोलेरो गाणी घालतेय, प्लेना घालतेय, आपली डोंगरातली गाणी घालतेय. त्यांना तुमचाच हात पाहिजे."

"अगं, असली गाणी वाजवली तर पास्टर मला चर्चमधून हाकलून देतील!"

पण तो स्टुडिओत गेला. दुपारभर वाजवलं. कित्येक वर्षांत बोटं अशी मोकळी सुटली नव्हती.

अल्बम आला. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या अंगणात जेवणाची पानं वाढली जात होती. ब्रदर फेरमीन खवचटपणे म्हणाला, "काय रे एलादियो, त्या कंबर हलवायच्या गाण्यांत तुझ्यासारखंच वाजवलंय म्हणे कुणीतरी!"

"असतील माझ्यासारखे पुष्कळ," एलादियो म्हणाला. "असल्या घाणीला मी हात लावत नाही."

फेरमीनची नजर त्याच्या खांद्यामागे गेली. एलादियो वळला. यामारीस उभी होती. हातात त्याच्यासाठी आणलेली तबकडी, तिच्यावर त्याचं नाव छापलेलं.

"आशीर्वाद द्या, पाद्रिनो," ती नेहमीसारखंच म्हणाली.

"देव तुझं भलं करो," तो पुटपुटला. मान काही वर होईना.

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. "नव्या छपाईतून तुमचं नाव काढायला सांगितलंय. चर्चमध्ये तुम्हाला त्रास नको. आधी विचारायला हवं होतं मी. चुकलंच माझं."

'नको काढूस' म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "बरं."

रविवारी चर्चमध्ये तो सगळ्यांसमोर उभा राहिला. "ते क्वात्रो माझं होतं. मी खोटं बोललो."

"ब्रदर," पास्टर म्हणाले, "ते आम्हाला पहिल्या सुरालाच कळलं होतं. बसा खाली."

कुणी हसलं नाही, कुणी हाकललंही नाही. म्हणजे त्या थापेने कुणी फसलं नव्हतं; ती लागली होती फक्त एकाच माणसाला.

घरी येऊन त्याने यामारीसला फोन लावला. "पोरी, नाव परत घाल माझं."

"छपाई झाली हो, पाद्रिनो. असू द्या. जेवलात का?"

ती इतक्या मायेने बोलत होती की त्याला फोन कानाशी धरवेना.