बहिणीला जास्त, मला कमी

डॉक्टरीणबाईंनी मला पुरुषी हार्मोन वाढवणारी गोळी लिहून दिली, तेव्हा वाटलं, दुसऱ्याच कुणाची फाइल त्यांच्यासमोर आली असावी.

त्या हार्मोनशी आमच्या घराचं जुनं वैर. नाशिकला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीला कॉलेजपासून त्याचाच त्रास होता. हनुवटीवर राठ केस, तोंडभर मुरमं, पाळी महिनोन्‌महिने गायब. हे हार्मोन जास्त झालंय, म्हणून अंडी अर्ध्यात अडकतात, असं तिला सांगितलेलं. ते आटोक्यात ठेवायला ती वर्षानुवर्षं औषध घेत होती. आणि इथे मी, बँकेच्या बदलीनं लखनौला आलेली, चाळिशीला टेकलेली, तेच वाढवायला निघाले होते.

आयव्हीएफची पहिली खेप वाया गेली होती. एवढी इंजेक्शनं घेऊनही अंडाशय ढिम्म. मी बाईंना बहिणीचं सगळं सांगितलं आणि विचारलं, मग मला हे कसं चालेल? त्यांनी समजावलं की बाईच्या अंडाशयातही हे हार्मोन तयार होतं, त्याच्यापासूनच पुढे बाईचं हार्मोन बनतं. अंड्यांच्या बारीक पिशव्या वाढायला लागतात तेव्हा त्यांना ते थोडं हवं असतं. माझ्या रक्तात ते कमी निघालं होतं.

"कम हो तो अंडे ठीक से बढ़ते नहीं, ज़्यादा हो तो बीच में रुक जाते हैं," त्या म्हणाल्या.

या गोळीनं नक्की जमेल का, असं विचारल्यावर मात्र त्या म्हणाल्या, "पक्का नहीं कह सकती. कुछ औरतों को फ़ायदा होता है."

नवरा वनस्पतींवर संशोधन करतो. त्यानं आठवडाभर रोज संध्याकाळी याच विषयावरचे लेख वाचले. शेवटी म्हणाला, काही जण फायदा आहे म्हणतात, काही नाही म्हणतात. "रोपाचं असतं तर काहीतरी सांगितलं असतं," एवढं बोलून त्यानं लॅपटॉप मिटला.

तेलीबाग भागातल्या औषधांच्या दुकानातून गोळ्या आणल्या, तरी डबी तशीच पडून राहिली. आईला फोन केला. ती अगदी मनापासून म्हणाली, "तिचं जास्तीचं थोडं तुला देता आलं असतं, तर दोघींचं भागलं असतं." मला हसू आलं, आणि फोन ठेवल्यावर रडूही. बहीण तर चिडलीच. "ताई, मी ज्याच्यापायी आरशात बघायचं सोडलं, ते तू मुद्दाम घेणार?"

तरी शेवटी मी गोळी घ्यायला लागले. काही आठवड्यांनी गालावर मुरमं उठली, हनुवटीवर एक काळा केस आला. तो उपटताना मला आनंद व्हावा की भीती वाटावी, ठरवता येईना. औषध लागू पडतंय म्हणावं, की नको तिकडेच भरकटतंय? बाईंनी पुन्हा रक्त तपासलं, गोळी थोडी कमी केली आणि धीर धरा म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेला अंडी मागच्यापेक्षा जास्त मिळाली. एक गर्भ रुजला. आज आमची मुलगी लखनौच्या वृंदावन योजना वसाहतीतल्या घरात दिवसभर रांगत असते आणि सांभाळणाऱ्या दीदीच्या हिंदीला हुंकारांनी उत्तर देते. बहिणीची पाळीही आता नियमित झाली आहे. मुलीला बघायला ती आली होती, तेव्हा दोघी बराच वेळ बोलत बसलो. एकाच आईच्या पोटी जन्मून आमच्या शरीरांनी असं उलटसुलट का वागावं, हे कोडं तिलाही सुटलं नाही.

गोळीमुळेच झालं का, हेही मी बाईंना विचारलं होतं. त्या हसल्या. इंजेक्शनंही या वेळी बदलली होती, त्यामुळे सांगता येणार नाही, म्हणाल्या.

परवा शाखेतली एक सहकारी जेवणाच्या सुट्टीत जवळ सरकली. तिलाही बरीच वर्षं मूल होत नाहीये, आणि माझ्या गोळीचं तिच्या कानावर आलं होतं. "आपने जो गोली ली थी, नाम बता दीजिए ना," ती हळूच म्हणाली. मी तिला म्हटलं, आधी रक्त तपासून घे, डॉक्टरांना विचार, तुझ्या अंगात ते आधीच जास्त असेल तर उलटंच होईल. नाव काही सांगितलं नाही. ती मान हलवून उठली. मी काहीतरी लपवतेय, असंच तिला वाटलं असणार.