दिवसा कडी लावलेलं घर

बाळाचा एक पाय बाहेर आला होता आणि दारावर पहिली लाथ बसली.

"दार उघड! न्हाय तर बिजागऱ्या उपटतो!"

बाहेर तालमीतली पोरं होती, पुढं त्यांचा वस्ताद. आत आम्ही तिघी. मी सुईण, कागलकडची एक अडलेली बाई आणि तिची आई. भर दुपार होती. पायाळू मूल ओढायचं नसतं, खाली नुसता हात धरून थांबायचं असतं. मला दाराकडं मानसुद्धा वळवता येत नव्हती.

"दिवसाढवळ्या कडी लावून काय भाकऱ्या थापतीस व्हय गं?" कुणीतरी ओरडलं, बाकीचे हसले.

बाईच्या आईनं माझा खांदा धरला. "आक्का, उघडू नगा. तिच्या सासरी कळलं तर तिला घरात घ्यायची न्हाईत."

भीती खरी होती. पोरीची आधीची दोन बाळंतपणं सासरी झाली, सासूच्या नात्यातल्या सुईणीच्या हातून. दोन्ही मुलं गेली. आता त्या सुईणीला नको म्हणायचं म्हणजे सासूलाच खोटं पाडायचं. म्हणून देवीची ओटी भरायचं निमित्त काढून आईनं लेकीला कोल्हापुरात आणलं, ते थेट माझ्या दारात.

अशा बायकांसाठीच मी ते घर धरलं होतं. माझी शाळा चौथीपर्यंत. हे काम आईकडून शिकले आणि नवरा गेल्यावर त्यावरच जगले. माझ्याकडं बाया लपूनच यायच्या. कुणाला सासूपासून लपायचं असे, कुणाला जावेपासून. कुणाचं बाळंतपणानंतर अंग बाहेर येत असे आणि ते नवऱ्यालाही सांगायची सोय नसे. त्यामुळं घर बघताना मी सगळ्यांवर संशय घेतला, आणि त्यात काही गैर केलं असं मला अजून वाटत नाही.

मंगळवार पेठेतला मालक फार गोड बोलत होता. मी भिंतीला कान लावला, तर पलीकडचं पोरगं पाढे म्हणत होतं ते स्वच्छ ऐकू आलं. म्हणजे माझ्याकडचं कण्हणं तिकडं जाणार. राजारामपुरीत तेव्हा वस्ती विरळ, रस्ते रुंद; टांग्यातून उतरलेली बाई लांबूनच दिसायची. तिसरं घर बोळाच्या टोकाला होतं. भिंती जाड, खिडक्या डोक्याच्या वर, मागं परड्यात उघडणारं दार, पुढच्या दाराला आतून कडी आणि लाकडी अडसर. मालकीण शेजारीच राहायची. दुसरी किल्ली आहे का म्हणून तिला दोनदा विचारलं. नाही म्हणाली. तरी मी कुलूप बदललं.

घर एवढं पारखलं, पण गल्लीचा विचार केला नाही. आमच्याकडं दिवसा दार उघडं असतं. लावलं असेल तर घरात कुणी नाही किंवा काही काळंबेरं आहे, असंच लोक धरतात. शिवाय बाळंतपण असलं की दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधायची रीत. तो दिसला की पुरुषमाणूस उंबऱ्याला पाय लावत नाही. मी डहाळा बांधत नसे, कारण तो बांधला की सगळ्या गल्लीला कळणार. मग गल्लीला दिसायचं काय? तोंडावर पदर ओढलेल्या वेगवेगळ्या बाया आणि आतून लावलेलं दार. त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

तिसऱ्या लाथेला अडसर करकरला. मूल कमरेपर्यंत आलं होतं.

"मावशी, दार उघडा," मी म्हणाले. "मोडून आत घुसले तर माझ्यानं दोन्हीकडं बघवायचं न्हाय."

ती जागची हलेना. तेव्हा अडलेली पोरगीच किंचाळली, "आये, उघड त्ये दार! आग लागू दे त्या सासरला!"

म्हातारीनं अडसर काढला. वस्तादानं एक पाय आत टाकला, माझे हात बघितले आणि पटक्याच्या शेवानं तोंड झाकून तसाच मागं फिरला.

"मागं सरा रं! बाळंतपण हाय!" मग पाठमोराच म्हणाला, "बाई, लिंब बांधायला काय झालंतं?"

"आता तुमीच बांधा," मी म्हणाले.

त्याच्या मागून मालकीण आत आली. दोन दिवस ती उगीच माझ्या दारापुढं झाडत होती.

"तूच आणलंस न्हवं ह्यास्नी?" मी विचारलं.

"व्हय, मीच. घर माझं हाय. बोलत बसू नगंस, काय धरू सांग."

"हिचा पाय धर."

तिनं पाय धरला. बाळाचं डोकं अडकलं होतं. ते सुटलं तेव्हा पोर निळी पडली होती. पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या, पाणी शिंपडलं. फार उशिरा रडली.

बातमी कागलला पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी सासू आली, नवरा तिच्या मागं. सासू उंबऱ्यातच थांबली. "असल्या घरात बाळंत झाली. पोर हिचीच कशावरनं? कुणाची बी उचलून दाखवतील."

मी तोंड उघडायच्या आधी मालकीण पुढं झाली. "मी पाय धरून बसलोतो. माझ्या डोळ्यांदेखत झाली. आन् वस्तादाला बी इचारा, त्यो बघूनच पळाला."

सासूनं बाळाला हातही लावला नाही. नवऱ्यानं वाकून बघितलं. सव्वा महिन्यानं तो गाडी जुंपून आला आणि त्यांना घेऊन गेला. मधले पंधरा दिवस बाळंतीण तापानं फणफणली होती, पण उठली.

त्या खेपेला बाळंतीण जगली आणि तिची पोरगीही जगली.