उस्ताद मिझहरांच्या गाडीचा मेंदू

आमच्या गल्लीत मला शिव्या न देणारा एकच माणूस आहे, आणि त्यानेच मला शाळेत भौतिकशास्त्रात दोनदा नापास केलं.

बसऱ्याच्या उन्हाळ्यात जनरेटर चालवणाऱ्याला कोण चांगलं म्हणतं? वतनिया, म्हणजे सरकारी वीज, गेली की दोन मिनिटांत माझं यंत्र धडधडायला हवं. तिसऱ्या मिनिटाला गच्चीगच्चीवरून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू होतो. "सबती, मेलास का रे? की बायकोने कोंडून ठेवलंय?" उस्ताद मिझहर मात्र खिडकीतून विचारायचे, "सबती, आज आवाज जरा जड येतोय. फिल्टर पाहिलास का?" बघावं तर फिल्टर खरंच तुंबलेला.

उस्तादांनी अडतीस वर्षं शिकवलं. त्यांच्या घरात न उघडलेली एकही वस्तू नाही. फ्रिज, शाळेची घंटा, शेजारणीचं शिवणयंत्र, सगळं त्यांनी उघडून पाहिलंय आणि परत जोडलंय. प्रत्येक वेळी एखादा स्क्रू उरतो. ते स्क्रू चहाच्या डब्यात जमा होतात. मी एकदा विचारलं, "उस्ताद, हे काय?" तर म्हणाले, "कारखान्याच्या चुका."

मला नापास केलं ती गोष्ट मी विसरलेलो नाही. विजेच्या मंडलाचं गणित होतं. माझं उत्तर अचूक होतं, पण ते मी अंदाजाने ठोकलं होतं. उस्तादांनी लाल शाईत लिहिलं, 'उत्तर बरोबर, रीत नाही.' पंचवीस वर्षं ते वाक्य मला दाढेत अडकल्यासारखं टोचत होतं.

यंदा त्यांच्या लेकीला, सहरला, चार वर्षं वाट पाहून नोकरी लागली, फावच्या रस्त्यावरच्या एका गावातल्या दवाखान्यात सुईण म्हणून. जायला साठ किलोमीटर, यायला साठ. रविवारी दुपारी बाराच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. सहरच्या आईने, जिला सगळी गल्ली खाला, म्हणजे मावशी म्हणते, एकच अट घातली होती. "रोज बापाच्या गाडीतून जाणं, बापाच्या गाडीतून येणं. परक्याच्या गाडीत माझी पोर बसणार नाही."

गाडी चौदा वर्षांची. एसी लावला की म्हाताऱ्या गाढवासारखी कण्हायची. म्हणून उस्तादांनी कुठून तरी एक निळा डबा मागवला, हातात मावेल एवढा.

"सबती, किती पेट्रोल सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, हे सगळं गाडीच्या मेंदूत लिहिलेलं असतं. हा डबा ते वाचतो, आणि त्याच्या जागी नवं लिहितो. तेवढ्याच पेट्रोलमध्ये जास्त जोर!"

"हे नवं कुणी लिहिलंय?"

"ते माहीत नाही. तीच तर गंमत आहे."

गाड्यांची वायरिंग करणारा जासिब तिथेच चहा पीत होता. तो म्हणाला, "उस्ताद, मी हात जोडतो. जिथे हे लिहिलं तिथे हवा थंड, पेट्रोल चोख. आपल्याकडे पन्नास डिग्री आणि पेट्रोल अल्लाच्या भरवशावर. आणि लिहिता लिहिता वीज तुटली ना, तर मेंदू अर्धवट राहतो. मग गाडी आणि खाट सारखीच."

"म्हणजे वीज तुटू द्यायची नाही," उस्ताद म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले.

शनिवारी चार वाजता बेत ठरला. वतनियाची पाळी सहाला होती, त्यामुळे चार ते सहा माझं राज्य. उस्तादांनी मला बजावलं, "समजा, वतनिया आधी आलीच, तरी अर्धा तास यंत्र बंद करू नकोस. माझा लॅपटॉप आणि गाडीचा चार्जर तुझ्याच तारेवर आहेत." लॅपटॉपची बॅटरी कधीचीच मेलेली. आमच्या गल्लीत कुणाच्याच लॅपटॉपची जिवंत नाही. उन्हाने आणि विजेच्या येण्याजाण्याने सगळ्या खलास. मी छातीवर हात ठेवून शब्द दिला.

चार वाजून बावीस मिनिटांनी वतनिया आली. वेळेआधी दीड तास! गल्ली नुसती उसळली. "आली! वतनिया आली!" पोरं टाळ्या पिटू लागली, कुणीतरी आनंदाने भांडं बडवलं. आणि माझ्या हाताने खटका पाडला. मी नाही पाडला हो, हाताने पाडला. अकरा वर्षं ती ओरड ऐकली की हात खटक्यावर जातो. यंत्र थंडावलं आणि मग मला शब्द आठवला.

मी धावत गेलो. उस्ताद गाडीत बसून किल्ली फिरवत होते. दिवे लागत होते, इंजिन मात्र हूं की चूं करत नव्हतं. माणसं जमली तसे ते म्हणाले, "माझीच चूक. मेलेल्या बॅटरीवर विसंबलो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मीही मांजरासारखा गप्प बसलो. जासिबने बॉनेट उघडलं. "मेंदू काढून, उघडून, जुनं लिखाण परत भरावं लागेल. दहा दिवस तरी."

"मग संपलं," खाला म्हणाली. सहर दारात उभी होती, इस्त्री केलेला पांढरा कोट हातावर घेऊन. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"खाला, मी नेतो तिला," माझ्या तोंडून निघालं. "डिझेलची गाडी आहे माझी. आणि मी परका नाही. तुला टायफॉइड झाला तेव्हा माझ्या आईने सहरला पाजलंय, माझ्या धाकट्या बहिणीबरोबर. माझी दुधाची बहीण आहे ती."

आमच्यात एका आईचं दूध प्यालेली पोरं सख्खी भावंडंच मानतात. दुधाच्या भावाला नाही म्हणता येत नाही. "डिझेलचा वास मारेल पोरीच्या कोटाला," एवढंच म्हणाली.

"आणि गल्लीला वीज कोण देणार, तुझा आजोबा?" जासिबने विचारलं.

"मी बसतो," उस्ताद म्हणाले.

रविवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी सहरने हजेरीच्या वहीत सही केली. वाटेत मात्र ती मला म्हणाली होती, "दादा, बाबांना माहीत आहे."

"काय?"

"यंत्राचा आवाज थांबला तेव्हा ते एकच शब्द बोलले. 'सबती.'"

दहा दिवस मी तिला नेलं-आणलं, आणि दहा दिवस उस्ताद माझ्या खुर्चीत बसले. तिसऱ्या दिवशी परत येतो तर गच्चीवरून आवाज, "उस्ताद, मेलात का?" उस्ताद खूश. "सबती, मला चार मिनिटं लागली. तू दोन मिनिटांत कसं करतोस?" एवढ्या मोठ्या माणसाने मला काही विचारावं! मला लाजच वाटली.

दहाव्या दिवशी जासिब गाडीचा मेंदू घेऊन आला. जुनं लिखाण उस्तादांनी आधीच जपून ठेवलेलं, म्हणून काम झालं होतं. जासिब म्हणाला, "ते नवं लिखाण मी वाचलं. आपल्या पेट्रोलवर आणि या उन्हात फावच्या रस्त्यावर पिस्टन वितळला असता. भर वाळवंटात, सहर आत असताना. वीज तुटली, फार बरं झालं."

माझ्याने राहवलं नाही. "उस्ताद, खटका मी पाडला. शब्द देऊन पाडला. पण बघा, माझ्यामुळे पोर वाचली!"

उस्तादांनी चष्मा पुसला. "उत्तर बरोबर," ते म्हणाले, "रीत नाही. नापास."

पंचवीस वर्षांपूर्वी याच वाक्यावर मी शाळेच्या भिंतीला लाथ मारली होती. या वेळी मला हसू आलं आणि मग, खोटं कशाला बोलू, रडूही आलं. उस्तादांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. सहरने इंजिन सुरू केलं. ते पूर्वीसारखंच कण्हलं.

"एसी बंद ठेवू, खिडक्या उघडू," उस्ताद म्हणाले आणि खिशात काहीतरी चाचपलं. मग माझ्या तळहातावर त्यांनी एक स्क्रू ठेवला.

"हा काय?"

"तुझ्या जनरेटरचा. उरला."