जिवंत माणसाची तसबीर

तळेगाव ढमढेऱ्यात माझं पेंटरचं दुकान आहे. फ्लेक्स आल्यापासून पाट्यांचं काम गेलं, आणि बायको गेल्यापासून दुकानात बोलायलाही कुणी उरलं नाही. तसबिरी तेवढ्या राहिल्या, त्याही वारलेल्यांच्या. जिवंत माणसाची तसबीर आमच्याकडं कुणी लावत नाही.

तरी हायवेला जमीन विकून बडे झालेले एक शेठ हटून बसले, गळ्यातल्या सोन्याच्या साखळीसकट रंगवा म्हणून. मी म्हटलं, "साखळी फ्लेक्सवर जास्त चमकते, तिकडं जा." माझी जीभ अशीच आहे. आयुष्यभर पैसेवाल्यांची तोंडं रंगवली, आता एक तरी खरोखर मोठा माणूस रंगवायचा होता. म्हणून गुरुजींना समोर बसवलं.

गुरुजी रिटायर शिक्षक, पंचक्रोशीत त्यांच्याएवढं वाचन कुणाचं नाही. धाकट्या भावानं शेजाऱ्याचा बांध कोरून रान बळकावलं, तेव्हा यांनी कोर्टात उभं राहून खरं ते सांगितलं. रान शेजाऱ्याला परत मिळालं. भावानं बोलणं टाकलं. तेव्हापासून गुरुजी भाड्याच्या खोलीत एकटेच राहतात आणि दुपारी माझ्याकडं येऊन वाचत बसतात. आम्ही फारसं बोलत नाही, तरी बरं वाटतं.

"मेल्यावर काढा की, पेंटर," ते म्हणाले.

"तवा काढा म्हणून सांगायला कोण येणार हाय?" मी बोलून गेलो. त्यांनी पुस्तक मिटलं आणि ताठ होऊन बसले.

चित्र झालं आणि बाजारच्या दिवशी मी ते दुकानाच्या दारात लावलं. तिथंच चुकलं. कुणीतरी हार घालून गेलं, आणि गुरुजी गेल्याची बातमी बाजारभर झाली.

दुपारी भाऊ धावत आला. भाजीची पिशवी खाली टाकून चित्रासमोर उभा राहिला.

"दादा, तुझंच खरं व्हतं रं," म्हणत तो ढसाढसा रडला.

गुरुजी आत पडद्यामागं चहा पीत होते. मी घाईनं म्हणालो, "अहो, जिवंत हायेत ते! आत बसल्यात."

भावानं डोळे पुसले. पिशवी उचलली आणि पडद्याकडं न बघता चालता झाला. त्याची मानगूट धरून आत ढकलावंसं वाटलं मला.

गुरुजी बाहेर आले. मी हार काढायला हात वर केला.

"राहू द्या," ते म्हणाले. "ह्याच्याशी तरी बोलला तो."

आणि ते परत आत जाऊन बसले.