पुसून टाकण्याआधीचं पान

काकू नोकरी करायच्या ती कंपनी बांधकामवाल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. इमारतीचे नकाशे, तपासणीचे अहवाल, फोटो, पत्रव्यवहार, सगळं त्यात साठवायचं. ते वापरायचं कसं, हे साध्या भाषेत लिहून ग्राहकांना देणं हे काकूंचं काम. त्याआधी बरीच वर्षं त्यांनी एका कंत्राटदाराच्या साइटवर, पत्र्याच्या ऑफिसात कारकुनी केली होती. तिथे फायलींवर दिवसाकाठी सिमेंटचा थर बसायचा. नवरा त्याच साइटवर क्रेन चालवायचा. त्याची ओळख तिथलीच.

जुन्या, पूर्ण झालेल्या प्रकल्पांनी जागा अडते, ते कायमचे काढून टाकायची सोय द्या, असा ग्राहकांचा लकडा लागला, तेव्हा कंपनीने ती सोय केली. ती बनवणाऱ्या पोराला ऑफिसात सगळे 'झालंच' म्हणायचे. काहीही विचारा, त्याचं उत्तर ठरलेलं.

"एकच प्रकल्प जातो ना रे?" काकूंनी त्याला विचारलं होतं. "त्याला दुसरा जोडलेला असला तर?"

"निवडला तेवढाच जातो, काकू. बटण दाबलं की झालंच. परत मात्र येत नाही."

काकूंनी तसंच लिहिलं आणि पान ग्राहकांकडे गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पानात चित्रं घालायची म्हणून त्या सरावाच्या प्रतीवर बसल्या. तिथे खोटे खोटे प्रकल्प करून ठेवलेले असत. त्यांनी शाळेची जुनी इमारत निवडली आणि काढून टाकली. मग सहज खाली पाहिलं, तर तिला जोडलेली नवी इमारतही दिसेना. चष्मा पुसून पाहिला. दोन्ही इमारती पुन्हा तयार केल्या, पुन्हा एकच काढली. पुन्हा दोन्ही गेल्या. काकूंनी झालंचला हाक मारली.

"अरे, जोडलेलंही जातंय!"

"छे हो काकू, कसं..." म्हणत त्याने स्वतः करून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "मागाहून बदललं मी. जोडलेले प्रकल्प नुसतेच लोंबकळत राहायचे, म्हणून तेही काढायला लावले. तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं."

रागवायलाही काकूंना सवड नव्हती. "कुणी वापरलंय का, ते बघ आधी."

त्याने सगळ्यांसाठी ते बटण बंद केलं आणि मग पाहिलं. सकाळी एका कंपनीने ते उघडलं होतं. त्यांचं एका इस्पितळाचं काम चालू होतं. डॉक्टरांची घरं बांधून झाली होती, तो प्रकल्प त्यांनी निवडला होता. आणि मुख्य इस्पितळ त्यालाच जोडलेलं होतं.

"गेलं की आहे?"

"इथून नाही कळत. माहिती त्यांच्याकडेच साठवलेली असते."

"गेलं असेल तर परत आणता येईल?"

त्याने नकारार्थी मान हलवली. "परत येऊ नये असंच तर बनवलंय, काकू."

काकूंनी त्या कंपनीत फोन लावला. तिथल्या नोंदी सांभाळणाऱ्या बाईंचा नंबर होता. घंटी वाजत राहिली, कुणी उचलेना. गिलावा झाला की भिंतीच्या पोटात कुठली नळी कुठून गेलीय, हे फक्त त्या फोटोंनाच माहीत असतं. जुन्या साइटवर नकाशा सापडेना म्हणून एकाने अंदाजाने भिंत फोडली होती आणि मग ऑफिसातल्या सगळ्यांनी घमेल्यांनी पाणी उपसलं होतं. तिथे नुसतं पाणी होतं. इथे प्राणवायूच्या नळ्या होत्या. काकूंनी पुन्हा फोन लावला. पुन्हा तेच.

थोड्या वेळाने पलीकडूनच फोन आला.

"तुम्ही फोन करत होता का, ताई? मी वर गच्चीवर होते, फोन टेबलावरच राहिला."

"ती डॉक्टरांची घरं... काढून टाकलीत का हो?"

"नाही, कुठलं! तुमच्याच पानावर लिहिलंय ना, त्या इमारतीवर काम केलेल्या एकाला तरी आधी विचारा म्हणून. आमचे फोरमन मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर आहेत. म्हटलं, येऊ देत त्यांना, मग बघू."

ते वाक्य काकूंनी आपल्या मनानेच घातलं होतं. पत्र्याच्या ऑफिसात मिस्त्रीला विचारल्याशिवाय त्या कागदाचा कपटाही टाकत नसत, त्या सवयीने.

"ते बटण आता बंद केलंय आम्ही. आमच्या पानात चूक आहे," काकूंनी सगळं सरळ सांगून टाकलं.

पलीकडून, "बाई गं! म्हणजे अख्खं इस्पितळच गेलं असतं की!" आणि त्या बाई हसत सुटल्या. "आता फोरमनना फळं घेऊन जायला हवीत भेटायला."

काकूंनाही हसू फुटलं, हसता हसता डोळे भरून आले. फोन ठेवला तर झालंच अजून समोर उभा, कपाळावर घाम.

"आहे. सगळं जागच्या जागी आहे," काकू म्हणाल्या.

तो धपकन शेजारी बसला. "रागवा ना काहीतरी, काकू."

"रागवते की. आधी चहा पिऊ दे."

दुपारभर दोघं एकाच टेबलावर बसले. त्याने बटण दाबण्याआधी काय काय जाणार ते नावानिशी दिसेल अशी खिडकी केली. काकूंनी पान नव्याने लिहिलं आणि सगळ्या ग्राहकांसाठी पत्र लिहिलं, वर मथळा घातला 'चुकीचं पत्र'. म्हणजे चूक कबूल करणारं. झालंचने पाठवण्याआधी वाचून तेवढा शब्द बदलायला लावला. पत्रात तरी त्याची नजर चोख होती.

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो दिवसभर क्रेनच्या केबिनमध्ये बसून आखडलेले पाय कोमट पाण्यात सोडून बसला होता.

"म्हणजे आज तू इस्पितळ वाचवलंस म्हण!"

"फोरमनच्या मोतीबिंदूने वाचवलं. मी नुसती घाबरले."

"जेवलीस का?"

तेव्हा कुठे काकूंना आठवलं. डबा तसाच पिशवीत होता. त्या ओट्यापाशी उभ्यानेच गारढोण डबा खायला लागल्या, तसा तो ओल्या पायांनीच उठला आणि त्यांच्या मागे खुर्ची सरकवली.