दुहेरी टीप

सुईमावशीचं दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, एक स्टूल आणि कपड्यांचे ढीग. चौथा माणूस आला तर तिसऱ्याने उठायचं. समोरच्या बँकेचे पहारेकरीदादा दुपारी तिथे टेकायचे आणि अंगातल्या जाकिटाच्या नावाने बोटं मोडायचे. गोळी अडवणारं जाकीट, छातीवर जाड पत्रा. कुशींच्या चिकटपट्ट्या इतक्या झिजलेल्या की शिंकलं तरी सुटायच्या.

"मावशी, सरळ टीप मारून टाका. स्वेटरसारखं डोक्यातून घालीन."

"आणि काढणार कसं?"

"तसंच. अडकलो तर बायको ओढेल, तिला सवय आहे."

मावशीने हसत दुहेरी टीप मारली. तिची टीप उसवत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं, आणि तिलाही.

आठच दिवसांनी, देवाला फूल वाहून तिने दुकान उघडलं तोच समोर आरडाओरडा झाला. दादा पायरीवर कोसळले होते. हाकेला ओ नाही, श्वास नाही. बँकेच्या कारकूनताईंनी शिपायाला रुग्णवाहिकेसाठी फोन करायला लावला आणि स्वतः छाती दाबू लागल्या. बँकेत शिकवलं होतं त्यांना. पण दाबत होत्या जाकिटावरूनच. मावशी धावत पोचली, बघते तर ताई घामाघूम आणि पत्रा ढिम्म.

"अहो ताई, सगळा जोर पत्राच खातोय!"

"मग काढा ना हे! उघडत का नाही मेलं?"

का उघडत नाही, ते मावशीलाच माहीत. देवाचं नाव घ्यायलाही ती थांबली नाही. 'तुझ्याशी मग बोलते' म्हणत दुकानातून मोठी कात्री आणली. जन्मभर कापड जपत एकेक टाका उसवणारी बाई, आज टाक्याच्या वाटेला गेलीच नाही. दोन्ही कुशींचे पट्टे कचाकच कापले, मग खांद्याचे. पुढचा भाग उचलून बाजूला टाकला.

"आता दाबा!"

ताईंनी छातीच्या मधोमध तळहात रोवले. आता छाती खाली जात होती, वर येत होती. ताईंचे हात भरून आले तशी मावशी बसली.

"जोरात, मावशी. आणि भराभर!"

"भराभरचं मला शिकवू नका, मशीनवर जन्म गेलाय."

आळीपाळीने दोघी दाबत राहिल्या. रुग्णवाहिका आली, यंत्राने झटका दिला, आणि नाडी लागली. मावशी तिथेच पायरीवर बसली, हात जोडले आणि देवाशी राहिलेलं बोलून घेतलं.

दोन महिन्यांनी दादा बारीक होऊन आले, हातात नवं जाकीट. डॉक्टरांनी हलकं काम करायला परवानगी दिली होती.

"मावशी, याच्या पट्ट्या फार कडक आहेत. जरा…"

"टीप मारणार नाही!"

"मोठ्या पट्ट्या लावा म्हणतोय, पटकन सुटतील अशा."

मावशीने लावल्या. दादांच्या अंगावर जाकीट चढवलं, ओढलं, उघडलं. पुन्हा चढवलं, पुन्हा उघडलं. तिसऱ्यांदा दादा म्हणाले, "पुरे की."

"गप उभे राहा," मावशी म्हणाली, आणि चौथ्यांदा ओढलं.