शिंदेकाकांचे कान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आज का सांगतेय? जाऊ दे, कारण कसलं बोडक्याचं!

परदेशात, सेरंगूनला आमच्या इमारतीखाली दर रविवारी आमच्या हौशी बँडचा सराव असायचा. मी फाइफ वाजवायची. फाइफ म्हणजे आखूड आडवी बासरी, आवाज मात्र कानात घुसणारा. शिकवली शेजारच्या शिंदेकाकांनी. तीस वर्षं फौजेच्या बँडात ड्रम वाजवून ते मुलाकडे राहायला आले होते.

"पोरी," ते म्हणायचे, "पूर्वी लढाईत धुरामुळे काही दिसायचं नाही. फाइफ सांगेल तेच खरं. तिची खूण आल्याशिवाय थांबला, तर तो ड्रमवाला कसला?" थांबायची खूण म्हणजे तीन लांब, उंच सूर. एवढंच.

मग आमच्या बँडचं ते संचलन. दुपारचे तीन, वारा अगदी पडलेला. लोक सेल्फी स्टिक उंच धरून उभे, त्यांत माझा ऑफिसातला साहेबही. सगळे माझ्याकडे बघत होते — आणि मला ते आवडत होतं. खोटं कशाला बोलू?

काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं. मला कळलं नाही? अहो, चांगलं कळलं! पण माझी दोन आवर्तनं उरली होती. मी मान दुसरीकडे वळवली. ड्रम चालूच राहिला, मग नुसती काठी घासल्याचा आवाज — आणि काका कोसळले.

हॉस्पिटलात काकूंनी विचारलं, "अगं, खूण नव्हती का दिलीस?"

"दिली होती की," मी म्हटलं. "काकांना ऐकू आली नसेल."

काका वाचले. पण ड्रम त्यांनी देऊन टाकला. डॉक्टर म्हणाले, कान वयाच्या मानानं उत्तम आहेत. काकांना पटेना. हट्टानं कानाचं मशीन घेतलं. लिफ्टचा दरवाजा वाजला तरी दचकायचे, पण काढायचे नाहीत. एकदा मला बोलावून म्हणाले, "ती खूण वाजव बघू."

मी वाजवली. 

"आली!" त्यांचे डोळे भरून आले. "माफ कर हं पोरी. त्या दिवशी मी चुकलो."

तेव्हा तरी सांगायचं ना? मी म्हटलं, "असू द्या, काका."

पुढच्या वर्षी ते गेले. मशीन कानातच होतं.